एक टिचकी, एक आकडा

किलोपास्कल! बारावीच्या फिजिक्सच्या पेपरनंतर ज्याला कायमचं बाय-बाय केलं होतं, तो शब्द आता आमच्या फॅमिली ग्रुपवर मुक्कामाला आलाय. निमित्त, माझी तीन वर्षांची भाची.

तिला बिलिअरी अ‍ॅट्रेसिया आहे. म्हणजे पित्तनलिका अगदी तान्हेपणीच बंद. पित्त यकृतात तुंबतं आणि यकृत हळूहळू कडक होतं. ‘कावीळ आहे ना, मग कोवळ्या उन्हात धरा,’ असं आपल्याकडे प्रत्येक आजी सांगते आणि बहुतेक बाळांची कावीळ उतरतेही. पण दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळेच आणि शी पांढुरकी दिसली तर ऊन पुरे, डॉक्टर गाठा. ताईने तो रंग हेरला आणि ५२व्या दिवशी ‘कसाई ऑपरेशन’ झालं. (नावाला घाबरू नका. मोरिओ कसाई हे जपानी सर्जन. १९५९ साली त्यांनी ही पद्धत मांडली.) ते शक्यतो ६० दिवसांच्या आत झालेलं बरं.

तरीही यातल्या बऱ्याच मुलांना पुढे लिव्हर ट्रान्सप्लांट लागतं. कधी? सगळा जीव त्या प्रश्नात अडकलेला.

तिथे हा किलोपास्कल येतो. बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात, तो हलकीशी टिचकी मारतो आणि एक लहर यकृतातून पळते. यकृत जितकं कडक तितकी ती जोरात पळते. ना सुई, ना भूल. आमची बाई त्याला ‘टकटक’ म्हणते. खरा छळ म्हणजे आधीचे तीन तास उपाशी ठेवणं. तीन वर्षांच्या मुलीला बिस्किट नाकारून बघा एकदा!

निरोगी मुलांचा आकडा साधारण ५च्या आसपास असतो. हिचा ११ होता, मागच्या वेळी १६ आला. घरात कोणी जेवलं नाही. जिजूंनी तर एक्सेलमध्ये ग्राफसुद्धा काढला. डॉक्टर मात्र म्हणाले, यकृताला सूज असली, पित्त तुंबलं, तरी आकडा फुगतो. बिलिरुबिन, प्लेटलेट्स, सगळं एकत्र बघू आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. चढतच राहिला, तर धावपळ व्हायच्या आत तयारीला वेळ मिळेल.

तयारी म्हणजे डोनर. मोठ्या माणसाच्या यकृताचा तुकडा लहानग्यांना पुरतो. ताईचा ब्लड ग्रुप जुळत नाही, माझा जुळतो. अजून कोणी काही विचारलेलं नाही, पण आईने माझी शुक्रवारची बिअर आत्ताच बंद केलीय.