लक्ष्याचे कोणी ऐकले नाही

भयपटाची आवड असल्याची कबुली या पानांवर देणे थोडे धाडसाचेच आहे. त्यातून आम्ही वर्ध्याचे. आमच्या गावाचे नाव काढताच लोकांना सेवाग्रामची बापूकुटी आठवते. तेथे राहून एका खुनशी बाहुल्याचे कौतुक करावे, हे अनेकांना रुचणार नाही. तरीही महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटाचे आमच्यावर ऋण आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे.

अमेरिकेत १९७८ साली जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ आला, १९८० मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला आणि तशा चित्रपटांची लाटच उसळली. मुखवटा घातलेला खुनी, हातात सुरा आणि एकामागून एक पडणारे बळी, असा त्यांचा ठरीव साचा. त्यांना ‘स्लॅशर’ म्हणतात. त्यांतले बरेचसे विसरण्याजोगेच. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ने मात्र खुन्याचा आत्मा एका खेळण्यातल्या बाहुल्यात घातला आणि तो बाहुला एका लहान मुलाच्या हाती दिला. ‘झपाटलेला’चे बीज तेथले; पण रोप मराठी मातीत वाढले. मंत्राने आत्मा बाहुल्यात शिरतो, ही गोष्ट आपल्या श्रद्धेला मानवणारी नाही. कथेपुरती ती आम्ही चालवून घेतली.

तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा. वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावाचा वारसा त्यांच्याकडे आलेला. अर्धवटराव कितीही आगाऊपणे बोलला तरी आपण निर्धास्त हसतो, कारण त्याला खेळवणारा माणूस शेजारी दिसत असतो. तात्या विंचूच्या शेजारी कोणीच नाही. तोच हलणारा जबडा, तेच फिरणारे डोळे. पण खेळवणारा हात दिसत नाही, आणि हसू ओठांवरच थिजते. त्या बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. याच नटाने २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त महात्मा गांधी साकारले. सेवाग्रामच्या शेजाऱ्यांना याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९९४ च्या उन्हाळ्यात. गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या जीव तोडून सांगत होता की बाहुला जिवंत आहे, आणि आम्ही पोट धरून हसत होतो. बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला हा गमत्या माणूस; त्याच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार? नऊ वर्षांचा आमचा थोरला दुसऱ्या दिवसापासून त्याची हुबेहूब नक्कल करू लागला. घरात त्याचे नावच ‘लक्ष्या’ पडले.

शाळा सुरू झाल्यावर तो शिकवणीला जायच्या वेळी पोट दुखते म्हणू लागला. “तिथले सर वाईट आहेत,” असे एकदा म्हणाला. त्याने तोंडही असे केले की आम्ही उभयता हसलो. “लक्ष्या, नाटक पुरे,” म्हणून त्याला पाठवून दिले. पुढे तो काही बोलेनासा झाला. पंधरवड्याने त्याच्या आईने आंघोळ घालताना त्याच्या पोटऱ्यांवर छडीचे काळेनिळे वळ पाहिले. आधी का सांगितले नाहीस, असे विचारताच तो खाली पाहत म्हणाला, “सांगितलं होतं. तुम्ही हसलात.”

शिकवणी त्याच दिवशी बंद केली. लक्ष्या हे नावही आम्ही पुन्हा घेतले नाही.

त्यानंतर हा चित्रपट आम्हांला पूर्वीसारखा पाहता आला नाही. पहिल्या खेपेस तात्या विंचूचे भय वाटले होते. आता लक्ष्याभोवतीच्या, त्याला वेड्यात काढणाऱ्या भल्या माणसांचे वाटते. त्यांच्यात आम्ही स्वतःला ओळखतो. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. विनोदी नट म्हणूनच लोक त्यांची आठवण काढतात. परंतु खरे सांगूनही खोटा ठरलेल्या माणसाची घालमेल त्यांनी त्या हसऱ्या चेहऱ्यातून किती नेमकी दाखवली आहे!

गेल्या नाताळात थोरला पुण्याहून सहकुटुंब आला होता. त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने हट्टाने ‘झपाटलेला’ लावला. आम्ही सारे बसलो. लक्ष्या गयावया करू लागला तशी ती चिडून म्हणाली, “आजोबा, तो खरं सांगतोय ना! मग ऐकत का नाहीत?”

आम्हांला उत्तर सुचेना. थोरल्याने आमच्याकडे पाहिले आणि तिला जवळ ओढून घेत म्हणाला, “मला सांग. तुझं काय म्हणणं आहे?”

ती बराच वेळ बोलत राहिली. चित्रपट तसाच थांबवून आम्ही तिचे सारे ऐकून घेतले.