512 किलोबाइटांचा कारभार

रिसोड तालुक्यातील आमच्या केनवडात नव्वदीच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही-गेम दुरुस्तीस आला, तर बायोसची चौकशी करावी लागत नाही. कारण निन्टेन्डोच्या ज्या फॅमिकॉमची ती नक्कल, त्यात बायोस नव्हताच, आणि कॅसेट खोचताच प्रोसेसर तिच्या चिपवरील आज्ञा थेट वाचू लागे.

1994 साली जपानात निघालेल्या सोनीच्या प्लेस्टेशनची रीत सर्वस्वी निराळी. तेथे खेळ सीडीवर असतो, आणि सीडी फिरविण्याचाही हुकूम आधी कोणीतरी द्यावा लागतो; तो देणारा जो 512 किलोबाइटांचा प्रोग्रॅम मदरबोर्डावरील चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, तोच बायोस. वीज येताच प्रोसेसर प्रथम त्याच्याच पत्त्यावर रुजू होतो. आणि पुढेही, मेमरी कार्डावर नोंद करावयाची असो की सीडीवरील फाइल उघडावयाची असो, खेळ एका रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक ठेवून ठराविक पत्त्यावर उडी घेतो, आणि कचेरीतील शिरस्तेदाराने अर्जावरील आकडा पाहून नेमके दफ्तर काढावे, तसा बायोस आपल्या तक्त्यातून ते काम तडीस नेतो. प्लेस्टेशनचे खेळ संगणकावर चालविणारा एम्युलेटर बायोसची फाइल का मागतो, याचा उलगडा एवढ्याने होतो.

ती आपल्याच यंत्रातून उतरवावी, असा माझा आग्रह आहे. सिरियल पोर्टमार्गे प्रत मिनिटाभरात उतरते. मग आकार बरोबर 5,24,288 बाइट भरला की नाही हे पाहून मी तिचा एमडी5 काढतो, कारण एक बिट जरी पालटला तरी 32 अक्षरांचा तो ठसा समूळ बदलतो, आणि फाइलीचे नाव ‘एससीपीएच5501’ असे अमेरिकी मॉडेलचे असूनही आत युरोपीय 5502 चा बायोस निघाल्याचे मी पाहिले आहे. लिनक्सवर नावातील इंग्रजी अक्षरांची लहान-मोठी लिपीसुद्धा जुळावी लागते.

1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 अन्वये, कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रोग्रॅमची प्रत स्वतःच्या बिनव्यापारी उपयोगासाठी काढण्यास मुभा आहे; ती वाटण्यास नाही, म्हणून फाइल मागणाऱ्यास मी त्याचेच यंत्र घेऊन येण्यास सांगतो. प्लेस्टेशनचा एम्युलेटर करणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीच्या अभियंत्यांनी सोनीचा बायोस अभ्यासून आपला स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला, आणि त्या अभ्यासासाठी काढलेल्या प्रती 2000 साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने न्याय्य ठरविल्या. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आज ओपनबायोस हा खुला पर्यायही उपलब्ध आहे. त्यातील मेमरी कार्डाचा भाग मूळ तक्त्याशेजारी ठेवून मी सध्या वाचीत आहे, आणि कोणत्या क्रमांकाने कोणते काम निघते याची टिपणे मराठीत करीत आहे. सीडीचा भाग अद्याप व्हावयाचा आहे.