वाळूतल्या वेली

लिस्बनच्या पश्चिमेला, सिंत्राचा डोंगर उतरला की कोलारिश. समोर अटलांटिक. वारा वर्षभर, खारा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा किडीने युरोपभरच्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. इतरांनी अमेरिकी खुंटावर कलमं बांधली. कोलारिशच्या वाळूत कीड टिकली नाही. इथली रामिश्कू जातीची द्राक्षवेल अजून स्वतःच्या मुळांवर आहे. मांडव नाही, तारा नाहीत. वेल वाळूवर पसरते.

मुळांना चिकणमाती लागते. ती वाळूच्या थराखाली, कित्येक मीटर खोल. पूर्वी माणसं चर खणत, तळाशी काडी लावत, वेल वर येईल तशी वाळू थोडी थोडी लोटत. खणणारा डोक्यावर टोपली पालथी घाली. चराची कड ढासळली तर टोपलीखाली श्वासापुरती हवा राही. तेवढ्या वेळात वरचे लोक त्याला उकरून काढत. द्राक्षशेतीच्या अवजारांत ही टोपली मोजायलाच हवी. आता चर यंत्राने खणतात. टोपल्या नाहीत.

वारा अडवायला वाळक्या देवनळाचे कूड. ते कुजतात, पुन्हा बांधावे लागतात. बऱ्याच ठिकाणी ते आता बांधलेले नाहीत. आत वेलीही नाहीत.

घड पिकू लागले की तापल्या वाळूने भाजू नयेत म्हणून फांदीखाली देवनळाचा आखूड तुकडा टेकवतात. हे काम अजून हाताने होतं, वाकून.

वेलींच्या जोडीला रेनेटा सफरचंदं होती. जवळच्या किनाऱ्याचं नाव प्राया दाश मासांश, सफरचंदांचा किनारा. नाव आहे.

सिंत्राहून तिथवर १९०४ पासून ट्राम. १९३० मध्ये ती पुढे अझेन्याश दु मारपर्यंत गेली. तो फाटा पन्नाशीच्या दशकात बंद झाला. उरलेल्या ट्राममध्ये आता बहुतेक पर्यटक.

शेजारी, तेजू नदीच्या मुखाशी कार्काव्हेलुश. तिथली गोड वाइन एके काळी इंग्लंडला जाई. त्या बागांवर लिस्बनची उपनगरं आहेत. ओएरिशची नगरपालिका थोड्या वेली सांभाळते.

कोलारिशच्या वाइनप्रदेशाची हद्द १९०८ साली आखली गेली. सहकारी वाइनघर १९३१ चं. त्याच्या लांब कोठारात लाकडाची मोठी पिंपं रांगेने आहेत. तेव्हा बागा हजार हेक्टरांच्या वर होत्या. आता वाळूतल्या बागा २५ हेक्टरांच्या आसपास. बाकीच्या वाळूवर सुट्टीतली घरं. अंगणात हिरवळ, तिला पाणी.

रामिश्कूची वाइन तरुणपणी तुरट, आंबट. पिण्याजोगी व्हायला दहा वर्षं सहज लागतात. बाटली अर्ध्या लिटरची.

बागेत एखादी वेल मेली की नवी काडी क्वचितच लावतात. शेजारच्या वेलीची फांदी वाळूत पुरून दाबकलम करतात. त्यासाठी शेजारी वेल असावी लागते.