अंगठेबहाद्दर

आमच्या लहानपणीं ज्यास लिहितां-वाचतां येत नसे, तो कागदावर अंगठा उठवी आणि गांव त्यास ‘अंगठेबहाद्दर’ म्हणे. त्या शब्दांत थट्टा थोडी व तुच्छता पुष्कळ असे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला आमचा पुतण्या शिवथरच्या घरीं ओटीवर बसून दोन अंगठ्यांनीं नोकरीची परीक्षा देतांना आम्हीं पाहिला, तेव्हां तो शब्द आम्हांस आठवला. या वेळीं मात्र थट्टेचे धनी आम्हीच ठरलों.

गोष्ट अशी झाली. एका खासगी कंपनीनें निवडीची चाचणी ठेवली होती. वेळ साठ मिनिटें; ती कोठूनही द्यावी, संगणकावर द्यावी वा मोबाईलवर द्यावी. पुतण्यानें विचारलें, “काका, महाडला जाऊन भाड्याच्या संगणकावर देऊं, कीं घरींच मोबाईलवर देऊं?” महाड येथून सुमारें ३० किलोमीटर, श्रावणांतला पाऊस कोसळत होता आणि जाण्यायेण्यांत सबंध दिवस मोडणार होता. आम्ही पोक्तपणाचा आव आणून म्हणालों, “अरे, बुद्धि डोक्यांत असते, यंत्रांत नसते. येथेंच दे.”

त्यानें आमचें ऐकलें. ओटीच्या ज्या कोपऱ्यांत थोडें नेटवर्क मिळतें, तेथें तो बसला. उताऱ्यावरील प्रश्न आले, तेव्हां उतारा वाचावा तर प्रश्न दिसेना आणि प्रश्न पाहावा तर उतारा दिसेना. आंकड्यांच्या कोष्टकाचा उजवा रकाना पडद्याबाहेर गेला. तो बोटानें ओढून आणावा, तर डावा नाहींसा व्हावा. रुंद पडद्यावर जें एका दृष्टिक्षेपांत दिसतें, तें ह्यास स्मरणांत धरून ठेवावें लागत होतें. चाळिसाव्या मिनिटास त्याच्या आत्याचा फोन आला आणि प्रश्नपत्रिका दिसेनाशी झाली. ती पुन्हा उघडेपर्यंत जो वेळ गेला, त्यांतला एक क्षणही घड्याळानें सोडला नाहीं. आठवड्यानें नकार आला. पुतण्या आम्हांस एका शब्दानें बोलला नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें.

पुढें आम्हीं थोडा शोध केला. अमेरिकेंतील आर्थर प्रभृति मानसशास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं या विषयावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. स्वभावविषयक प्रश्नावलींत मोबाईलवाले व संगणकवाले जवळजवळ सारखे ठरले. बुद्धिमत्तेच्या चाचणींत मात्र मोबाईलवाल्यांचे गुण बरेच कमी पडले. साधन ज्याचें त्यानें निवडलें होतें, तेव्हां सगळाच दोष पडद्यावर घालतां येणार नाहीं, हें खरें. परंतु निवड म्हणजे तरी काय? ज्याच्या मेजावर संगणक आहे, तो निवडतो. ज्याच्या घरीं एकच मोबाईल आहे, त्याच्या निरुपायास आपण निवड हें भारदस्त नांव देतों.

संगणकही अगदीं निर्दोष नव्हे. २०२३ सालच्या तलाठी भरतीसाठीं दहा लाखांवर अर्ज आले. शंभर प्रश्नांची ती परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकावर द्यावयाची होती. पुतण्याही तीस बसला होता. माउस धरण्याची संवय नसल्यामुळें पहिलीं कांहीं मिनिटें बाण भलतीकडेच पळत होता, असें तो सांगतो. परंतु तेथें शेजाऱ्यापुढेंही तसलाच पडदा होता. त्याची उणीव सरावाची होती आणि सराव करतां येतो; मोबाईलचा पडदा ओढून रुंद करतां येत नाहीं. चाचणी कोणत्या साधनासाठीं रचली आहे, एवढें तरी परीक्षकानें उमेदवारास आधीं सांगावयास नको काय?

आमच्या गांवाजवळच शिवथरघळ आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ती शोधून काढली. समर्थांनीं येथें दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसें असावें, एवढें सांगून समर्थ थांबले नाहींत. बरू, शाई, आंखणी यांचीही चिंता त्यांनीं वाहिली. ज्यांनीं संसार सोडला, त्यांस साधन क्षुद्र वाटलें नाहीं. आणि ज्यांचा सारा जन्म कचेरींतल्या रुंद पडद्यापुढें गेला, त्या आम्हीं तें एका वाक्यांत क्षुद्र ठरविलें! बुद्धि डोक्यांत असते, हें ज्याच्या हातीं साधन आहे त्यासच इतक्या सहज सुचतें.

गेल्या महिन्यांत दुसरी चाचणी आली. या खेपेस त्यानें विचारण्यापूर्वींच आम्ही म्हणालों, “पहिल्या एस्. टी.नें महाडला जाऊं.” संगणकाच्या दुकानाबाहेरील बांकावर आम्ही तासभर बसून राहिलों. निकाल अद्याप लागलेला नाहीं. परंतु बाहेर येतांना पुतण्या हसत होता. म्हणाला, “काका, दोन गणितें चुकलीं, पण तीं माझीं मीच चुकविलीं.”