रापणीचा वाटा

"ट्रेनिंग कुठे मिळालं गं?"
"पंचतारांकितला."
हॉस्टेलवर हे सांगितलं तेव्हा माझी रूममेट उठूनच बसली. तिला वाटलं, मी मेकॅनिकल सोडून हॉटेल मॅनेजमेंटला गेले! ती नागपूरची, तिला काय माहीत! तर मित्रांनो, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी म्हणजे हायवेवरच्या लक्ष्मी टेकडीपासून आत वळलं की लागणारे फॅक्टरी शेड, ट्रक, उसाची शेतं आणि पुन्हा शेड. तारे फक्त नावात. जेवण आपलं स्टीलच्या डब्यातलं.

मराठी विभागासाठी लिही म्हणून मॅडम मागे लागल्या, तेव्हा माझी पहिली अडचण भाषेची. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. एकोणसाठ की एकोणसत्तर, यात अजून गोंधळ होतो. बांगड्याला मी पाचवीपर्यंत 'मॅकरेल' म्हणायचे आणि त्यावरून गावी सगळे हसायचे. तेव्हा चुकांबद्दल आधीच सॉरी.

गाव म्हणजे मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर जो किनारा आहे ना, दांडीचा, तिथे आमचं घर. आम्ही गाबीत. आजोबांचा जन्म 1947 चा. तारीख कोणी विचारली तर ते 'रामदास' बोट बुडाली त्या वर्षीचा, एवढंच सांगतात. कोकणातली माणसं पोटासाठी मुंबईला जातात, माझे बाबा मात्र घाट चढून उलटे कोल्हापूरला आले. ती गोष्ट पुढे येईलच.

डिसेंबरच्या सुट्टीत चार आठवडे ट्रेनिंग होतं. पहिला आठवडा मशीन शॉपमध्ये गेला, म्हणजे कूलंटचा वास आणि रजिस्टर भरणे. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात टेस्ट बेडवर पाठवलं. तिथे नवीन डिझेल इंजिन डायनॅमोमीटरला जोडतात, हळूहळू लोड वाढवतात आणि आरपीएम, डिझेलचा खप, तापमान, धूर असं सगळं मोजतात. जनरेटरच्या इंजिनांना 1 जुलै 2023 पासून सीपीसीबी फोर प्लसचे कडक नियम लागू झाले आहेत, त्यामुळे धुराचं फार कौतुक! सगळ्यांनी कानात प्लग घातलेले. माझा एक निसटला, आणि त्याच क्षणी एका कोपऱ्यात एक लहान इंजिन सुरू झालं. टप्...टप्...टप्... आणि मग एकदम सलग.

हा आवाज मी ओळखते. पहाटे चार वाजता दांडीवर हाच आवाज ऐकत मी लहानपणी कूस बदलायचे. काकाची होडी निघाली, एवढं कळायचं आणि परत झोप लागायची.

रात्री आजोबांना फोन केला. इतका आनंद झाला होता की टेस्ट बेडचं सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे तूय इंजिनाच करतंस?"

बस्स, एवढंच. ज्यांना रापण माहीत नाही त्यांना या एका वाक्यातलं दुखणं कळणार नाही, म्हणून थोडं सांगते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एक दोर वाळूवर माणसांच्या हातात ठेवायचा. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल वळसा घालते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढत ओढत एकमेकांच्या जवळ येतात. पन्नास-साठ माणसांचं काम, कधी त्याहून जास्त. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. म्हातारा असो की पोरगा, दोराला हात लागला की वाटा. पाण्याचा रंग बघून बांगड्यांचा थवा कुठे आहे ते सांगणारी माणसं होती, आजोबा त्यातले एक. तारली तर इतकी यायची की उरलेली माडांना खत म्हणून घालत.

मात्र रापण वाट बघते. मासा किनाऱ्याजवळ आला तरच तिला मिळणार. ट्रॉलर इंजिनाच्या जोरावर तळ खरवडत जातो. पर्ससीनवाला तर थवा आत खोल पाण्यातच शोधतो, भोवती जाळं टाकतो आणि बटव्यासारखी खालची दोरी आवळतो. आख्खा थवा बटव्यात! किनाऱ्यावर यायला उरतं काय? गोव्यात रापणकारांनी याच कारणासाठी 1970 च्या दशकात मोठं आंदोलन केलं, माथानी साल्ढाणा त्यांचे नेते होते. आपल्याकडे सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. पर्ससीनवर कडक निर्बंध यायला मात्र फेब्रुवारी 2016 उजाडलं, आणि एलईडी दिवे लावून मासे पकडण्यावर 2017 मध्ये बंदी आली. बंदी आहे हो कागदावर. रात्री दांडीवरून बघा, लांब समुद्रात दिवाळी दिसते.

आता आमच्या घरातलं सांगते. 1986 मध्ये आजोबांच्या धाकट्या भावाने कर्ज काढून होडीला इंजिन बसवलं. आजोबा त्या होडीत कधीच बसले नाहीत. "मासो आवाजाक पळता, मगे रापणीत काय येतला, वाळू?" पण बाबा तेव्हा बारा वर्षांचे, ते त्या इंजिनाच्या प्रेमातच पडले. खोलायचे, जोडायचे, पुन्हा खोलायचे. 1996 मध्ये क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला घेऊन ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात आले. दोन दिवस थांबावं लागलं. त्या दोन दिवसांत त्यांनी जे लेथ बघितले, त्यानंतर शाफ्ट एकाबरोबर गावी पाठवून दिला आणि स्वतः हेल्पर म्हणून तिथेच राहिले. पुढे पंचतारांकित सुरू झाल्यावर तिथे मेंटेनन्सला लागले, ते आजतागायत. माझी कॉन्व्हेंटची फी त्यातूनच आली.

मग मी आजोबांच्या बाजूने हळहळायचं की बाबांच्या बाजूने खूश व्हायचं? आजीला विचारलं तर ती वेगळंच बोलते. रापणीच्या आठवणी निघाल्या की ती भांडी जोरात आपटायला लागते. डोक्यावर पाटी घेऊन कट्ट्याच्या बाजारापर्यंत चालत जायची ती. पावसाळ्यात पेज आणि सुकी मासळी, तीसुद्धा मोजून. ती एकदा मला म्हणाली, "त्यांका समुद्र आठावता, माका वझा आठावता." तिला घरात नळ आणि गॅस आला ते दिवस छान वाटतात. काकाने मागच्या दोन खोल्यांत पर्यटक ठेवायला सुरुवात केली त्याचंही तिला दुःख नाही. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला. आता होडी सकाळी मासेमारीला जाते आणि दहा वाजल्यापासून लोकांना स्कूबा डायव्हिंगला नेते. काका म्हणतो, "बांगड्यापेक्षा पर्यटक बरो, तो चालत येता."

फोननंतर मला चैन पडेना. ट्रेनिंगचं तिसऱ्या आठवड्यातलं सुट्टीचं एक आणि मागून घेतलेलं एक, असे दोन दिवस जोडून मी मालवणला गेले. आजोबांचा रापण संघातला वाटा अजून त्यांच्या नावावर आहे. पण आता दोर ओढवत नाही. बाबा येणार नाहीत, काकाला वेळ नाही. सकाळी मी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेले आणि म्हटलं, "मी ओढू?"

माझ्या जीन्सकडे बघून ते म्हणाले, "ओढलंस तर वाटो तुझो. फोटो काढूचे आसतीत तर थयसर उभी रव."

हे बरोबरच होतं, कारण तिथे सात-आठ पर्यटक फोटोसाठी दोराला हात लावून उभे होते. एक ताई तर पोज देता देता वाळूत बसल्याच. दहा मिनिटांत सगळे नाश्त्याला पांगले. खरे ओढणारे चौतीस, मी मोजले. त्यातले काही नेपाळहून आलेले. मी दीड तास ओढलं. दोर ओला आणि खारट, तळहाताची साल निघाली. लेथच्या चिपपेक्षा ते जास्त झोंबतं! पुढे असलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी मागे न बघताच सांगितलं, "हातान नको, पायान ओढ." टाच वाळूत रुतवून अंगाचा भार मागे टाकायचा. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये फ्रिक्शनवर मला बाविसात नऊ मार्क होते. तिथे लगेच समजलं.

जाळं आलं. तारली थोडी, चार खेकडे, एक शीतपेयाची बाटली, बांगडे दोन टोपल्या. वाटे घातले. माझ्यापुढे सहा बांगडे पडले. आजोबांनी त्यातला एक उचलून बघितला, खाली ठेवला आणि वाटे घालणाऱ्याला म्हणाले, "हिचो कमी पडलो. दीड तास आसा ता." सातवा मिळाला.

ते सात बांगडे बर्फात घालून एसटीने करूळ घाटातून कागलला आणले. आईने तळले. बाबांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "रापणीचा?" मी हो म्हटलं. मग ते काही बोलले नाहीत, फक्त माझा तळहात उलटा करून बघितला.

दुसऱ्या दिवशी टेस्ट बेडवर ग्लोव्हज घालून गेले. दुपारी ऑपरेटर मामांनी डबा पुढे केला, "घ्या मॅडम, मालवणी बांगडा हाय. लई ताजा." एक घास खाल्ला. छान होता. मालवणचा नव्हता, पण तसं काही मी बोलले नाही. मामांना विचारलं, की कोपऱ्यातल्या त्या लहान इंजिनाचा आवाज कमी करायचा झाला तर सायलेन्सर कुठून सुरू करायचा. ते म्हणाले, "कशाला पायजे?"

म्हटलं, "घरी एक गिऱ्हाईक आहे."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी