वेदना गेली, बळ यायचे होते

जिना उतरताना पाय आत मुरगळला आणि आमच्या घोट्याच्या बाहेरील बाजूचे लिगामेंट दुखावले. निवृत्तीस चार वर्षे उरलेली. वरच्या मजल्यावरील इतिहासाचा तास सुटतो की काय, ही धास्ती होती. दोन आठवड्यांत सूज ओसरली, वेदनाही शमली. तरी एका पायावर उभे राहताच तोल जाई. वेदना आधी जाते, बळ मागाहून येते. म्हणून भिंतीशेजारी रोज ३० सेकंद एका पायावर उभे राहण्याचा सराव सुरू केला. वसतिगृहातील सातवीची मुले आकडे मोजत. तीन महिन्यांनी आम्ही आधाराविना जिना चढलो.

कबड्डीत पाय मुरगळलेल्या मुलामुलींना, केवळ दुखणे थांबले म्हणून, पालकांनी मैदानात उतरू देऊ नये. अर्धवट सावरलेला घोटा पुन्हा मुरगळतो. आधी तोल परतू द्यावा.