पोलीस गाडी : अ‍ॅक्रन ते ओकलंड

वस्तीच्या तोंडाशी पोलीस गाडी थांबली की आया लेकरांना घरात ओढतात. हीच धास्ती अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली. म्हणून तिथल्या पोलीस गाड्यांच्या मागावर आम्ही वाचकांना नकाशावरून नेत आहोत.

पहिला मुक्काम ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन. रबर-टायरच्या कारखान्यांचे हे कामगारांचे शहर. अमेरिकेतली पहिली पोलीस मोटारगाडी १८९९ साली इथे धावली, तीही विजेवर! वेग ताशी १६ मैल. पहिली फेरी एका दारुड्याला उचलून आणण्यासाठी. पण ऑगस्ट १९०० मध्ये एका काळ्या कैद्याला आमच्या हवाली करा, म्हणत गोरा जमाव नगरभवनावर चालून गेला. कैद्याला आधीच क्लीव्हलंडला हलवले होते. चिडलेल्या जमावाने इमारत जाळली व ती गाडी कालव्यात ढकलली. त्या रात्रीच्या गोळीबारात दोन निष्पाप मुले दगावली.

पुढे डेट्रॉइट. १९२८ साली इथे पोलीस गाडीत रेडिओ बसला. गाडीत हुकूम ऐकू येई, उलट बोलण्याची सोय नव्हती. तरी गाडी घटनास्थळी लवकर पोहोचू लागली.

दक्षिणेत माँटगोमेरी. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडली नाही. पोलीस गाडी त्यांना घेऊन गेली. काळ्या समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला आणि बसमधला भेदभाव मोडून काढला.

शेवटचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरचे ओकलंड. १९६६ साली इथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचे तरुण पोलीस गाडीच्या मागे आपली गाडी नेत. हाती बंदुका असत, तसेच कायद्याचे पुस्तकही. पकडलेल्या माणसाला ते त्याचे हक्क ऐकवत. त्यांच्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

आपल्याला बंदूक नको. कायद्याचे पुस्तक बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेच आहे. घटनेचे कलम २२ सांगते : अटकेचे कारण कळलेच पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील गाठता आला पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. आणि फिर्याद आपण दिली, तर एफआयआरची प्रत विनामूल्य मिळणे हाही आपला हक्क आहे.

एवढे घरातल्या प्रत्येक मुलामुलीकडून पाठ करून घ्या. मग गाडी आली तरी दार लावून बसण्याची पाळी येणार नाही. जयभीम!